‘ने’ या अक्षराचे अर्थ

मराठीत ‘चाकूने कापले’ येथे ‘ने’ साधन दाखवतो, ‘रामाने आंबा खाल्ला’ येथे कर्ता दाखवतो आणि ‘ही पिशवी घरी ने’ असे म्हणताना तो प्रत्यय न राहता आज्ञार्थी क्रियापद होतो. हिंदीत साधनासाठी ‘से’ असल्यामुळे ‘ने’ केवळ कर्त्यापाशी राहतो. गुजरातीत मात्र ‘रामने’ म्हणजे ‘रामाला’. इतक्या निकटच्या भाषेत कर्त्याची खूण कर्माकडे गेलेली दिसावी, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. चेक भाषेत ‘ने’ म्हणजे नाही, ग्रीक आणि कोरियन भाषांत मात्र होय. जपानी वाक्याच्या अखेरीस येणारा ‘ने’, गुजरातीतल्या ‘छे ने?’ (‘आहे ना?’) प्रमाणेच, ऐकणाऱ्याची संमती मागतो.