पावणेचार तासांचा मोशे आणि त्याचे प्रेक्षक

न्यू जर्सीतल्या ज्या सार्वजनिक ग्रंथालयात मी नोकरी करते, तिथे प्रौढ वाचकांसाठीचे कार्यक्रम आखण्याचे काम माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा एखादा जुना चित्रपट दाखवायचा आणि त्यानंतर चर्चा घडवून आणायची, हा त्यातला सर्वांत बिनत्रासाचा भाग समजला जातो. बहुधा दहा-बारा माणसे मागे थांबतात, 'छान होता' म्हणतात आणि घरी जातात. ईस्टर आणि ज्यूंचा वल्हांडण सण जवळजवळ एकाच आठवड्यात आलेल्या त्या वर्षी मी दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल यांचा, इस्राएल लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडवणाऱ्या बायबलमधल्या मोशेवरचा, १९५६ सालचा 'द टेन कमांडमेंट्स' निवडला. अमेरिकेत एबीसी वाहिनी १९७३ पासून जवळपास दरवर्षी याच दिवसांत तो दाखवत आली आहे. त्यामुळे लहानपणी तो पाहिलेली मंडळी येतील, आठवणी सांगतील आणि मला फारसे बोलावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

चित्रपट मध्यंतर धरून पावणेचार तासांच्या घरात जातो. सुरुवातीला स्वतः डिमिल पडद्यामागून बाहेर येतात आणि प्रेक्षकांना दोन गोष्टी सांगतात. मोशेच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षांबद्दल बायबल काहीच सांगत नाही, म्हणून ती जागा फिलो आणि जोसेफस या प्राचीन लेखकांच्या आधाराने भरली आहे, ही पहिली. माणसांवर ईश्वरी नियमाचे राज्य असावे की इजिप्तचा फारो, म्हणजे राजा, रामसेस याच्यासारख्या हुकूमशहाच्या लहरीचे, हा चित्रपटाचा विषय असून तोच लढा आजही जगभर चालू आहे, ही दुसरी. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे कोणाला उद्देशून होते, हे तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागले नसेल. या भाषणावर आमच्याकडे वाद होईल अशा तयारीने मी टिपणे काढून ठेवली होती, पण त्या भाषणाचा उल्लेखही कोणी केला नाही.

पहिला बोलला तो चित्रपटशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी. त्याच्या मते संवाद शिलालेखासारखे आहेत, मोशे झालेले चार्ल्टन हेस्टन दुसऱ्या भागात माणूस राहतच नाही आणि राजवाड्यातले प्रसंग एखाद्या भव्य नाटकासारखे समोरून टिपलेले आहेत. त्याला जपून ठेवावासा वाटला तो फक्त तांबडा समुद्र दुभंगण्याचा प्रसंग. विशेष दृश्यपरिणामांचे काम पाहणाऱ्या जॉन फुल्टन यांनी स्टुडिओच्या आवारात प्रचंड टाक्या बांधून त्यांत लाखो लिटर पाणी सोडले, ते चित्रण उलटे चालवले आणि इजिप्तमध्ये खऱ्या समुद्रकाठी टिपलेल्या दृश्यांशी ते जोडले. सात नामांकनांपैकी एकच ऑस्कर मिळाले, तेही याच कामाला. हे सगळे त्याने इतक्या आस्थेने सांगितले की आधीची टीका त्याची स्वतःची होती की वर्गातून ऐकलेली, अशी मला शंका आली.

त्यानंतर एका निवृत्त शिक्षिकेने बोलायला सुरुवात केली आणि चर्चेची दिशाच बदलली. या बाई ज्यू, आणि मोशेची ही कथा सांगणारे बायबलमधले निर्गमाचे पुस्तक त्यांना पाठ असल्यासारखे. मोशे आणि राजकन्या नेफ्रेतिरी यांचे प्रेमप्रकरण पूर्णपणे कल्पित आहे, त्याबद्दल त्या रागाने काही म्हणतील अशी माझी अपेक्षा होती; पण ते त्यांनी हसून सोडून दिले. जळत्या झुडपातून येणारा देवाचा आवाज हा हेस्टन यांचाच आवाज मंद करून वापरलेला आहे, असे विद्यार्थ्याने मध्येच सांगितले, तेव्हा तर त्या खूश झाल्या. देव मोशेशी प्रथम बोलला तो मोशेच्या वडिलांच्या आवाजात, म्हणजे तो घाबरू नये, अशी जुन्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, एक कथा असल्याचे त्यांनी सांगितले आणि डिमिल यांना ही कथा ठाऊक असो वा नसो, ते तिच्या जवळ पोचले आहेत, असा निर्वाळाही दिला.

त्यांचा राग होता तो लोकांनी देव म्हणून पुजलेल्या सोन्याच्या वासराच्या प्रसंगावर. निर्गमात वासरू घडवतो तो मोशेचा सख्खा भाऊ अहरोन. लोकांनी मागणी केली आणि त्याने दागिने गोळा करून ते ओतले. चित्रपटात मात्र सगळे खापर मोशेचा विरोधक असलेल्या दाथानच्या माथी फोडले जाते आणि अहरोन बिचारा दबावाखाली वाकलेला दिसतो. दाथानला धरणीने गिळणे ही गोष्ट मुळात बायबलमधल्याच गणनेच्या पुस्तकातली, एका वेगळ्याच बंडाच्या वेळची. ती उचलून इथे आणली आहे. आणि ज्या घटनेची जागा तिने घेतली ती अशी, की मोशेच्या आज्ञेवरून त्याच्याच वंशातल्या लेवींनी तलवारी उपसल्या आणि आपल्याच छावणीतील सुमारे तीन हजार माणसे मारली. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते की ज्या मोशेला हे करावे लागले, त्याला समजून घेण्यातच त्यांचे आयुष्य गेले आणि डिमिल यांनी नेमका तोच मोशे लोकांना दाखवला नाही. भूकंप घडवून आणला की कोणाचेच हात रक्ताने माखत नाहीत.

मागच्या रांगेत एक इजिप्शियन गृहस्थ बसले होते. ते कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या प्राचीन पंथाचे ख्रिस्ती, पेशाने औषधविक्रेते. जर्सी सिटीच्या परिसरात कॉप्टिक कुटुंबे पुष्कळ आहेत, पण आमच्या चर्चेला त्यांच्यापैकी कोणी आल्याचे मला आठवत नव्हते. त्यांनी आधी अभिमानाने सांगितले की रथांच्या पाठलागात धावणारे स्वार १९५४ सालच्या इजिप्शियन सैन्याचे आहेत, आणि शहराच्या त्या उत्तुंग प्रवेशद्वाराच्या सेटवर शिडीने चढल्यावरच त्र्याहत्तर वर्षांच्या डिमिल यांना हृदयविकाराचा झटका आला होता. मग त्यांनी विचारले की एवढ्या मोठ्या इजिप्तमध्ये सामान्य इजिप्शियन कुठे आहे? निर्गमात देवाने इजिप्तवर आणलेल्या दहा पीडांपैकी शेवटच्या पीडेच्या रात्री फारोच्या वारसाबरोबर अंधारकोठडीतल्या कैद्याचाही थोरला मुलगा मरतो. चित्रपट आपल्याला शोक करायला लावतो तो फारोच्या महालात. शिवाय इजिप्शियनांमध्ये मनाने चांगली म्हणून लक्षात राहते ती मोशेला वाढवणारी बिथिया, आणि तीही अखेरीस देश सोडून इस्राएल लोकांबरोबर निघून जाते.

यावर शिक्षिका बाई काही क्षण गप्प राहिल्या आणि नंतर त्यांनी वल्हांडणाच्या भोजनातली एक रीत सांगितली. दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला द्राक्षारस थेंबभर कमी केला जातो, कारण आपल्या सुटकेसाठी दुसऱ्यांना यातना झाल्या असतील तर आपला आनंद पुरता भरलेला असू नये. चित्रपटात त्या रात्री दाराबाहेरून आक्रोश ऐकू येतो हे खरे, पण हा थेंब त्यात नाही, हे त्यांनी मान्य केले. पूर्वी कधीही न भेटलेल्या या दोघांचे चित्रपटाविरुद्ध असे एकमत झालेले पाहून विद्यार्थी चक्रावला; धार्मिक मंडळी चित्रपटाची बाजू घेतील अशी त्याची समजूत होती.

ती बाजू घेतली चर्चमधल्या गायकवृंदात गाणाऱ्या एका आफ्रिकन-अमेरिकन बाईंनी, आणि तीही अटी घालून. त्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीत मोशेची गाणी गायली आणि गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांना लोक मोशेच म्हणत. हा चित्रपट प्रदर्शित झाला त्या नोव्हेंबरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी पुकारलेला माँटगोमेरीचा बसबहिष्कार अजून चालू होता. त्यामुळे रामसेस म्हणजे परदेशातला हुकूमशहा, असे त्यांच्या घरात कोणालाही वाटले नाही. शेवटी मोशे डोंगरावर हात उंचावून सर्व देशांत स्वातंत्र्य जाहीर करायला सांगतो, तेव्हा त्यांची आई टीव्हीसमोर उभी राहत असे. तक्रार एकच: जोसेफसकडून घेतलेली इथिओपियाची राजकन्या सुरुवातीला दरबारात येते, मोशेकडे सूचक नजरेने पाहते आणि पुन्हा कधीच दिसत नाही, आणलीच होती तर तिला असे वाऱ्यावर का सोडले?

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की डिमिल यांनी ज्याची आधीच जाहीर कबुली दिली, त्या पदरच्या भरीबद्दल कोणीही रागावलेले नाही. राग होता तो गाळलेल्या गोष्टींचा, आणि प्रत्येकाची गाळलेली गोष्ट निराळी होती. समीक्षकांनी या चित्रपटाला भडक आणि अवजड ठरवले ते मला पटते, परंतु भडकपणा या खोलीत कोणालाही खुपत नव्हता.

तुम्ही हिंदू, तुम्हाला काय वाटले, असे मला विचारण्यात आले. मी त्यांना दादासाहेब फाळके यांच्याविषयी सांगितले: १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना त्यांच्या मनापुढे राम आणि कृष्ण उभे राहिले आणि त्यातून आमचा चित्रपटव्यवसाय सुरू झाला. त्यांनी बहुधा विषयांतर ऐकून घ्यावे तसे ते सभ्यपणे ऐकून घेतले. युल ब्रिनर यांचा रामसेस सर्वांनाच आवडला, हे मात्र नोंदवले पाहिजे. मोशेपेक्षा तो जास्त जिवंत वाटतो यावर दुमत नव्हते.

पुढल्या वसंतात डिमिल यांनीच १९२३ साली केलेला याच नावाचा मूकपट दाखवावा असे ठरले आहे. त्यात निर्गमाची कथा सुरुवातीलाच आटोपते आणि उरलेला चित्रपट सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन भावांचा आहे, ज्यांतला एक हलक्या प्रतीचे काँक्रीट वापरून चर्च बांधणारा ठेकेदार निघतो. शिक्षिका बाईंचे पत्र आलेच आहे: मोशेला एवढ्या लवकर घरी पाठवण्याचे कारण काय, हे चर्चेत पहिल्यांदा घ्यावे. औषधविक्रेत्यांनी एक खुर्ची जास्त सांगितली आहे.