रिपोर्टला दोन दिवस?

"रिपोर्टला दोन दिवस? शुगरचा तर तासाभरात देता की!" लघवीच्या कल्चरची बाटली काउंटरवर ठेवत काकू वैतागल्या.

"काकू, साखर नुसती मोजायची असते. जंतू आधी वाढवावे लागतात."

पटलं नाही. मग आतली बंद प्लेट काचेपलीकडून दाखवली. मॅकॉन्की आगर, म्हणजे जंतू वाढवायचं जेलीसारखं खाद्य, 37 अंशांवर रात्रभर ठेवलेलं. लूप, म्हणजे नमुना पसरायची तारेची कडी, जिथे पहिल्यांदा टेकवली तिथे गुलाबी दाट थर, शेवटच्या रेघांवर मात्र सुटे सुटे ठिपके. असा एक ठिपका म्हणजे बहुधा एकाच जंतूची सगळी पिल्लावळ. तो उचलून दुसऱ्या प्लेटवर पसरायचा, वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि परत एक रात्र थांबायचं. चकतीभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहते, त्यावरून कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं.

काकू बघतच राहिल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "सकाळी एक गोळी घेतलीये हं मी. मागच्या वेळची उरली होती."

घ्या! आता जंतू अर्धमेले, प्लेटवर काही उगवलं नाही तर रिपोर्ट 'नो ग्रोथ', आणि जळजळ आहे तिथेच. फॉर्मवर 'अँटिबायोटिक सुरू आहे का' असा रकाना असतो, पण तो भरतो कोण? आणि खरं सांगायचं तर काउंटरवर गर्दी असली की विचारतो तरी कोण!

मागच्या वेळचा कोर्स अर्धवट राहिल्याशिवाय गोळी उरली कशी, हे विचारायचं मात्र तोंडावर आलेलं गिळलं.

तुमच्या औषधांच्या डब्यात अशा किती आहेत?