उरलेल्या चार किलोंचा प्रश्न

पाठीवरच्या पिशवीत जास्तीत जास्त दहा किलो वजन मावते आणि समोर तीन वस्तू आहेत, असे समजू; एकूण मोल जास्तीत जास्त व्हावे अशी निवड करायची आहे. पहिलीचे वजन सहा किलो आणि मोल तीस, तर उरलेल्या दोन्ही प्रत्येकी पाच किलोच्या आणि प्रत्येकी बावीस मोलाच्या. हे उदाहरण मी कागदावर मांडले, तेव्हा दर किलोमागे ज्या वस्तूचे मोल अधिक ती आधी उचलावी, या नियमाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पहिल्या वस्तूचा भाव किलोला पाच आणि इतरांचा ४.४ पडतो, म्हणून पहिली उचलली; मग चार किलोंची जागा उरली, तिच्यात दुसरे काहीच बसेना आणि हिशेब तीसवर थांबला. पहिली वस्तू बाजूला ठेवून उरलेल्या दोन्ही घेतल्या असत्या, तर चव्वेचाळीस मिळाले असते. वाया जाणाऱ्या रिकाम्या जागेचीही किंमत मोजावी लागते, हे भावाच्या त्या नियमाला दिसतच नाही.

वस्तू धान्यासारखी हवी तेवढी काढून घेता आली, तर मात्र तोच नियम अचूक ठरतो. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९५७ मध्ये ही गोष्ट मांडली, आणि तिचा अखंड वस्तूंसाठीही एक उपयोग आहे. वरच्या उदाहरणात उरलेल्या चार किलोंत दुसऱ्या वस्तूचा तुकडा भरला, तर बेरीज ४७.६ होते, म्हणजे अखंड वस्तूंची कोणतीही निवड याच्या वर जाऊ शकत नाही, एवढे तरी आधीच कळते.

अचूक उत्तरासाठी सगळे पर्याय तपासायचे म्हटले, तर चाळीस वस्तूंचे पर्याय सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. त्याऐवजी गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांच्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे लहान प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवून त्यांवरून मोठा प्रश्न सोडवण्याच्या, रीतीने एक तक्ता भरता येतो, आणि तो एकदा तरी हाताने भरून पाहावा असे मला वाटते. दहा किलोंच्या पिशवीबरोबरच एक किलो, दोन किलो अशा प्रत्येक लहान पिशवीचे उत्तमोत्तम उत्तर लिहीत जायचे आणि वस्तू एकेक करून विचारात घ्यायच्या. तिसऱ्या वस्तूची पाळी आली, की प्रश्न एवढाच उरतो: ती सोडली तर तीस, घेतली तर तिचे बावीस, अधिक उरलेल्या पाच किलोंच्या पिशवीत आधीच्या दोन वस्तूंतून जे उत्तम मिळते ते. ते उत्तर, म्हणजे बावीस, पाच किलोंच्या रकान्यात आधीच लिहिलेले असते. बेरीज चव्वेचाळीस.

चाळीस वस्तू आणि शंभर किलोंची क्षमता असेल, तर हा तक्ता चार हजार चौकटींचा होतो. परंतु वजने ग्रॅममध्ये मोजायला घेतली, की चौकटी चाळीस लाखांवर जातात. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये एनपी-पूर्ण प्रश्नांची, म्हणजे आकार वाढला तरी झटपट सोडवणारी रीत ज्यांच्यासाठी अजून कोणालाच सापडलेली नाही अशा प्रश्नांची, जी यादी दिली, तिच्यात पिशवी भरण्याचा हा प्रश्नही आहे, आणि तरीही तो तक्त्याने सुटतो, यातली विसंगती मला बरेच दिवस उलगडत नव्हती. वजनाचा आकडा लिहायला दोन-चार अंक अधिक लागले, तरी तक्ता शेकडो, हजारो पटींनी फुगतो, हे लक्षात आल्यावर ती मिटली.

प्रत्यक्ष सामान बांधताना मी तक्ता भरत नाही, हे कबूल करतो. भावाप्रमाणे भरत जावे, पहिल्यांदा जी वस्तू मावत नाही ती एकटीच अधिक मोलाची असेल तर भरलेले काढून फक्त तीच घ्यावी, एवढे केले तरी उत्तमाच्या निम्म्याहून कमी कधीच मिळत नाही (पिशवीहून जड वस्तू अर्थातच आधी वगळाव्यात). मला जास्त त्रास होतो तो मोल ठरवण्याचा. हे सारे गणित मोलांची सरळ बेरीज होते असे धरून चालते. पण विजेरीविना सेल निरुपयोगी आणि सेलविना विजेरीही तशीच, म्हणून त्या दोन्हींची मी यादीत एकच ओळ करतो, एका वजनाची आणि एका मोलाची.