तुम्ही विचारलंत म्हणून: प्रकाशाला कळतं का, आपण बघतोय ते?

फिजिक्स शिकवतो म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो, गेल्या महिन्यात तर तीनदा आला म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. प्रश्न असा, की त्या डबल स्लिटच्या प्रयोगात (प्रकाश दोन बारीक फटींतून पलीकडच्या पडद्यावर सोडतात तो) म्हणे आपण बघितलं की प्रकाश कणासारखा वागतो आणि नाही बघितलं की लाटेसारखा, मग त्याला कळतं का हो आपण बघतोय ते?

नाही कळत. पण नुसतं नाही म्हणून तुमचं समाधान होणार नाही, माझंही झालं नव्हतं.

आधी एक करून बघा. साधा लाल लेसर पॉइंटर घ्या, त्याच्या तोंडावर डोक्याचा एक केस उभा ताणून चिकटपट्टीने बरोबर मधोमध चिकटवा, अंधार करा आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर मारा (डोळ्यात चुकूनही नको, आरशावरही नको). वाटतं की भिंतीवर केसाची सावली पडेल. ती पडतच नाही! मधला ठिपका आडवा पसरतो आणि दोन्ही बाजूंना लाल, काळं, लाल, काळं अशी रांगच लागते. काळ्या जागांमधलं अंतर मी पट्टीने मोजलं तर साधारण 16 मिलिमीटर आलं. लेसरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर, तिला भिंतीच्या अंतराने गुणायचं आणि त्या 16 ने भागायचं, की केसाची जाडी मिळते, 0.08 मिलिमीटर. शाळेच्या पट्टीने केस मोजून झाला.

केसाच्या दोन बाजू म्हणजे प्रकाशाला दोन वाटा, दोन फटींसारख्याच. इंग्लंडच्या थॉमस यंग या शास्त्रज्ञाने 1803 मध्ये जवळपास हेच केलं होतं. त्याच्याकडे लेसर कुठला, खिडकीच्या झडपेतल्या बारीक भोकातून येणारं ऊन होतं, आणि केसाऐवजी इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कार्डाची पट्टी. कार्डाच्या सावलीच्या आत पट्टे दिसले. मग त्याने कार्डाच्या एकाच बाजूचा प्रकाश अडवला, दुसऱ्या बाजूचा तसाच येऊ दिला, तर सावलीतले पट्टे गायब! मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणाचा जीव इथे आहे. जिथे काळा पट्टा होता तिथे एक बाजू बंद केल्यावर थोडा उजेड येतो, म्हणजे दोन्ही बाजू उघड्या असताना प्रकाशात प्रकाश मिळवून अंधार होत होता. छर्रे उडवून हे कधीच होणार नाही, छर्रे जास्त आले की जास्तच पडणार. लाटांचं मात्र होतं, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की दोन्ही सपाट. पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात, शब्द जड आहे पण गोष्ट एवढीच.

इथवर सगळं सरळ होतं. पण 1905 मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की प्रकाश ऊर्जा देताना सुट्ट्या पुड्यांनी देतो, अर्धी पुडी मिळत नाही. या पुडीलाच पुढे फोटॉन नाव पडलं. मग लोकांना वाटलं की पुड्यांची गर्दी असते, त्या एकमेकींना धक्के देत असतील आणि त्यातून पट्टे पडत असतील. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1909 मध्ये काजळी धरलेल्या काचांनी उजेड इतका मंद केला की सुईच्या सावलीचा एक फोटो यायला सुमारे 2000 तास लागले, तीन महिने धरा. गर्दी उरलीच नव्हती तरी पट्टे तितकेच स्पष्ट. पुढे 1989 मध्ये जपानमध्ये तोनोमुरा या शास्त्रज्ञाच्या गटाने प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले आणि पडद्यावर ठिपके पडताना टिपले. दहाएक ठिपक्यांपर्यंत नुसता विस्कटलेला सडा, काही अर्थ लागत नाही, हजारो झाले की त्यातूनच पट्टे उमटायला लागतात. प्रत्येक ठिपका कणासारखा एकाच जागी, आणि ठिपके कुठे दाट पडायचे ते मात्र लाटेच्या हिशोबाने. (गंमत म्हणजे इथेही फटी नव्हत्या, मधे एक बारीक तार होती. कार्ड, सुई, तार, केस, सगळी एकच जात.)

आता बघण्याचं. ‘बघणं’ या शब्दानेच सगळा घोळ घातलाय, फॉरवर्डवाल्यांनी त्यात मन, चेतना, विश्वाची इच्छा काय काय घुसवलं. डोळ्याचा काही संबंध नाही. फोटॉन कुठल्या बाजूने गेला याची खूण जगात कुठेतरी उमटली की पट्टे जातात, ती खूण कुणी वाचो न वाचो. दोन फटींवर पोलरायझर (प्रकाशाची एकाच दिशेची थरथर पुढे सोडणारी गाळणी) लावा, एक आडवा एक उभा, म्हणजे कुठल्या फटीतून आला याची खूण प्रकाशावरच उमटते, आणि खोलीला कुलूप घालून जा, पट्टे पडणार नाहीत. आणि खूण अर्धवट असेल तर पट्टेही अर्धवट पुसट होतात! प्रकाशाला कुणी बघतंय हे कळत असतं तर तो अर्धवट कशाला बुजला असता?

मला सगळ्यात पटलेला पुरावा 2004 चा आहे, व्हिएन्नाचा. तिथे 70 कार्बन अणूंचे रेणू बारीक जाळ्यांमधून सोडत होते, त्यांचेही पट्टे येतात. मग ते रेणू लेसरने तापवले. तापले तसे ते स्वतःच प्रकाश टाकायला लागले, म्हणजे मी इथे आहे हे स्वतःच सांगत सुटले, आणि जसजसे जास्त तापवले तसतसे पट्टे विरत गेले. तो प्रकाश टिपायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, की मग पुढचा ठिपका नेमका कुठे पडणार? ते गणित सांगत नाही. इथे शक्यता एवढी, तिथे तेवढी, काळ्या पट्ट्याच्या मधोमध जवळपास शून्य, एवढंच मिळतं. शंभर वर्षं होत आली, अजून एवढंच मिळतंय.