रस्ता सोडून इंटरनेटचे काय घेऊन बसलात?

गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, ग्रामसभेत विचारले जाते, आणि परवा पतपेढीच्या रांगेतही कोणीतरी विचारलेच: गुरुजी, मुंबई-गोवा महामार्ग पुरा होत नाही, उन्हाळा लागला की विहिरी आटतात, आणि तुम्ही या वयात इंटरनेटच्या स्वातंत्र्याचे काय घेऊन बसलात? विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते हे मला कळते, म्हणूनच उत्तर देणे अधिक अवघड जाते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

या नादाला मी २०१५ साली लागलो. पालघरच्या त्या दोन मुलींची अटक तेव्हा ताजी नसली तरी विसरण्याजोगी नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना पोलीस ठाणे पाहावे लागले. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे, त्या मुलींवरही लावलेले, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. त्याच वर्षी नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक मिळावी म्हणून, ट्राय या दूरसंचार नियामकाला लाखो ई-मेल गेले, त्यांत माझाही होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने संकेतस्थळागणिक वेगळा दर लावायला मनाई केली. तेव्हाचा मी भेटेल त्याला सांगत असे की, न्यायालय जागे असले म्हणजे पुरे. त्या माणसाशी माझे अजून भांडण चालू आहे, कारण रद्द झालेल्या त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. तोही गप्प बसत नाही. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तो निकाल तो माझ्यापुढे नाचवतो.

पण मला जे कळले ते न्यायालयात कळले नाही. नवी फौजदारी संहिता येण्याआधीची गोष्ट. आमच्या बंदरावरच्या रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांचा, आणि छोट्या होडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि मराठी टंकलेखन येते या एकमेव पात्रतेवर मी त्याचा ॲडमिन आहे. वाऱ्याचा इशारा, बांगड्याचा लिलाव किती वाजता, कोणाची होडी कुठे अडकली, हेच त्यावर चाले. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो तो दिसतोच. त्याविरुद्ध मोर्चा ठरला आणि एका तरुणाने त्या उजेडाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मला पोलीस ठाण्यात बोलावणे आले.

मला कोणी दरडावले नाही, हे मुद्दाम लिहितो. हवालदार माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १४९ची, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच तो रोखण्यासाठी पोलीस देतात ती, नोटीस पुढे सरकवली. मजकूर छापील होता. नाव, गाव आणि ग्रुपचे नाव एवढ्या जागा मोकळ्या ठेवलेल्या होत्या, त्या त्याने बॉलपेनने भरल्या होत्या, आणि ‘रापण’चे ‘रापन’ केले होते, ते मी सवयीने दुरुस्त केले. ग्रुपवरच्या कोणत्याही मजकुरामुळे शांतता बिघडल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल आणि ही नोटीस आपणांविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल, असा एकूण आशय. “गुरुजी, वरून आलंय. सगळ्या ॲडमिनना देतोय, तुम्हाला एकट्याला नाही,” तो म्हणाला. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटले आहे. हे मला ठाऊक होते आणि मी ते बोललोही. त्याने मान डोलावली आणि पेन पुढे केले. मी सही केली. ती पोच म्हणून केली, आणि तिच्याबद्दल मला ओशाळे वाटत नाही.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर सामसूम झाली होती. तरुणाने व्हिडिओ काढून टाकला होता. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. दोघे तांडेल (होडीचे प्रमुख) ग्रुप सोडून गेले. बाकीच्यांनी मलाच गळ घातली, आणि फक्त ॲडमिनने लिहायचे अशी सोय मी चालू केली. त्यानंतर मासळी विकणाऱ्या बायका रोज सकाळी मला फोन करू लागल्या: “गुरुजी, होडी इली काय?” मला कुठून ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक होते त्यांचे तोंड मिटले होते. मोर्चा निघाला, पण निम्म्या वाड्यांना वेळच कळली नाही. यात बंदी कुठेच नाही. नेट चालू होते, सरकारला ऑनलाइन मजकूर अडवू देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली काही अडवलेले नव्हते, कोणावर गुन्हा नव्हता. ६९अ खाली अडवले असते तरी त्या नियमांत गुप्ततेची तरतूद असल्याने कारण कळायची मारामार झाली असती. इथे तर कारण विचारायला आदेशच नव्हता.

आता तुमचा रस्ता. खड्ड्यांचे फोटो, टँकर न आल्याची तक्रार, बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी काय चालले होते ते, हे सगळे याच वाटेने तुमच्यापर्यंत आले होते. म्हणून रस्ता आधी की इंटरनेट, हा प्रश्न मला सोडवताच येत नाही. तौक्ते वादळात मे २०२१ मध्ये वीज आणि नेटवर्क गेले, तेव्हा मुंबईहून तुम्हीच जीव टांगणीला लावून बसला होता; काश्मीरच्या बहुतेक भागात फोर-जी ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद होते, आणि ते वादळाने गेलेले नव्हते.

एका प्रश्नापुढे मात्र मी अडखळतो. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्याच गडचिंचल्यात मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. अशा रात्री नेट बंद असते तर, असे माझी बहीण विचारते. अफवा तोंडोतोंडीही पसरते आणि तिचे खंडन करायलाही फोन लागतो, हे माझे उत्तर. ते खरे आहे, पण ते देताना माझा आवाज नेहमीपेक्षा चढतो, हे तिने ओळखले आहे.

ग्रुप मी पुन्हा सर्वांना खुला केला. लिलावाची वेळ येते, वाऱ्याचा इशारा येतो. समुद्रातल्या उजेडाबद्दल कोणी लिहीत नाही. १४९ आता नव्या संहितेत १६८ झाले आहे, नोटिसा तशाच निघतात. पुढची आली तर सही करणार का, असे मुलगा विचारतो. करीन, तारीख आणि वेळ घालून, आणि खाली ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ एवढे लिहून. ते लिहू देतील की नाही, ते तेव्हा पाहू.