सोंगाच्या क्रियापदांची पेटी : महिना चौथा

इंग्रजी शब्द आणि त्याची मराठी जोड लिहिलेली 47 कार्डं आता पेटीत झाली. विषय तोच, नट रंगमंचावर जे करतो आणि माणसं रंगमंचाबाहेर जी सोंगं आणतात, त्यासाठीची इंग्रजी क्रियापदं. मागच्या वेळी मी अर्थाप्रमाणे गठ्ठे लावले होते, अभिनय एकीकडे आणि फसवणूक दुसरीकडे. ती मांडणी मोडावी लागली, कारण 'ॲक्ट' दोन्हीकडे जाऊन बसतं.

या महिन्यात क्रियापदाच्या पुढे काय येतं हे पाहून कार्डं लावली आणि बराच गुंता सुटला. 'प्ले हॅम्लेट' म्हटलं की एका नटाने हॅम्लेटचं काम केलं. 'परफॉर्म हॅम्लेट' म्हटलं की सगळ्या संचाने मिळून प्रयोग केला. म्हणजे 'प्ले'ला बहुधा पात्र लागतं, 'परफॉर्म'ला प्रयोग. 'ॲक्ट'च्या पुढे 'ॲज' आलं की तात्पुरता कार्यभार, 'लाइक' आलं की नुसती वागणूक, 'आउट' आलं की घडलेली गोष्ट हावभावांसकट करून दाखवणं. 'ॲक्ट'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'करणे' आहे. आपणही 'त्याने झकास काम केलं' असंच म्हणतो, आणि नाटकाचा 'खेळ' लावतो तेव्हा 'प्ले'च्या अगदी शेजारी उभे असतो.

एक दुरुस्ती. 'परफॉर्म'च्या कार्डावर मी 'फॉर्म'पासून, म्हणजे आकार देणे, असं लिहून ठेवलं होतं. ते चूक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'पारफुर्निर' होतं, पुरं करणे, तडीस नेणे. 'फर्निश' त्याच्याच घरातलं. 'फॉर्म'शी झालेली सरमिसळ नंतरची. कार्ड नव्याने लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला 'रिहर्स'वर, आणि तो वेळ सत्कारणी लागला. जुन्या फ्रेंचमध्ये 'हर्स' म्हणजे दातेरी कुळव. 'रिहर्स' म्हणजे त्याच रानात पुन्हा कुळव फिरवणे. लहानपणी आजोळी उभी पाळी झाली की आडवी पाळी घालताना पाहिलेलं आहे. पहिल्या पाळीत ढेकळं नुसती हलतात, दुसऱ्या पाळीला फुटतात. संवादांचंही तसंच होतं, म्हणून हे कार्ड मला फार जवळचं वाटतं. याच कुळवापासून शववाहिकेचा 'हर्स' हा शब्दही आला. शवपेटीवर मेणबत्त्या लावायची चौकट कुळवासारखी दिसायची, त्या चौकटीचं नाव पुढे गाडीला लागलं. आपली 'तालीम' मात्र अरबीतून आली, तिथे अर्थ शिकवण. म्हणून कोल्हापुरात पैलवानही तालमीत जातो आणि नटही.

दुसरं जोडकार्ड 'पार्ट' आणि 'रोल' यांचं. ही नामं असली तरी 'प्ले' त्यांच्याशिवाय हलत नाही, म्हणून पेटीत घेतली. 'रोल' म्हणजे खरोखरीची गुंडाळी. शेक्सपिअरच्या काळात नटाच्या हाती सबंध नाटक येत नसे, फक्त त्याचे स्वतःचे संवाद मिळत. एडवर्ड ॲलेन या नटाची तशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात आजही आहे, ऑर्लँडो या पात्राची, 1590च्या आसपासची. तिची छायाचित्रं मी तासभर न्याहाळली. कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या. समोरच्या पात्राचं पूर्ण वाक्य कुठेच नाही. एक लांब रेघ आणि तिच्या टोकाला त्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, बस. ते कानावर पडले की आपण बोलायचं. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांतही नट आपली 'नक्कल' पाठ करायचे, म्हणजे आपल्या भागाची उतरवून घेतलेली प्रत. आणि 'पार्ट' तर आपण इतका आपलासा केला की स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट 'स्त्रीपार्टी' झाला. बालगंधर्वांच्या बाबतीत हा शब्द किती आदराने उच्चारला जायचा!

आता फसवणुकीची बाजू. 'पर्सोनेट' आणि 'इम्पर्सोनेट' दोन्ही लॅटिन 'पर्सोना'वरून, म्हणजे मुखवट्यावरून. 'पर्सोनेट' पूर्वी रंगमंचावरच्या कामालाही चालायचं, आज ते मुख्यतः कायद्याच्या भाषेत उरलं आहे. भारतीय दंड संहितेचं कलम 416 हेच होतं, नव्या न्याय संहितेत ते 319 झालं. मराठीत त्याला तोतयेगिरी. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा म्हणून जो तोतया उभा राहिला आणि 1776 मध्ये मारला गेला, त्याने केलं ते 'इम्पर्सोनेट'. त्याला 'प्रिटेंडर' म्हणताना मात्र जपावं. ब्रिटनच्या गादीसाठी 1745 मध्ये स्कॉटलंडात उतरलेला चार्ल्स स्ट्युअर्ट 'यंग प्रिटेंडर' होता, पण तो दुसऱ्या कुणाचं सोंग घेऊन आला नव्हता. तिथे 'प्रिटेंड'चा अर्थ हक्क सांगणे. फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ आजही दावा करणे असाच आहे.

'अपस्टेज', म्हणजे दुसऱ्यावरचं लक्ष आपल्याकडे ओढून घेणे, एका संध्याकाळीच उरकलं. जुने रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरते असत, म्हणून मागची बाजू 'वरची'. एखादा नट मागे सरकला की त्याच्याशी बोलायला बाकीच्यांना प्रेक्षकांकडे पाठ करावी लागे. 'माइम' (मूकाभिनय करणे) आणि 'हॅम' (भडक अभिनय करणे) ही कार्डं अजून कच्ची आहेत.

'पोर्ट्रे'ला जोड शोधावीच लागली नाही. मूळ अर्थ चित्र काढणे, आणि आपण भूमिका 'रंगवतो'च. त्याच्या शेजारी मी 'वठवणे' ठेवलंय. ठसा नीट उमटला की तो वठला म्हणतात, तशी भूमिका वठते. याला इंग्रजीत तोडीचं क्रियापद मला अजून सापडलेलं नाही.

'अंडरस्टडी'चं कार्ड उजवीकडे, मराठीच्या बाजूला, कोरं आहे. मुख्य नट ऐन वेळी आजारी पडला तर उभं राहता यावं म्हणून त्याची नक्कल पाठ करून ठेवणे, एवढं सगळं इंग्रजीत एका क्रियापदात मावतं. 'बदली नट' हे नाम ठाऊक आहे. मंडळ्यांत किंवा दशावतारी चमूंत यासाठी एखादं क्रियापद वापरात असेल आणि तुमच्या कानावर आलं असेल, तर जरूर कळवा. ते मी पेन्सिलने नाही, शाईने लिहीन.