४,२९,४९,६७,२९७ फोडताना

दहा अंक, विषम. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. शेवटी ७, म्हणजे ५ बाद. असंच रेटत गेलं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण ही संख्या २^३२ + १ आहे हे एकदा दिसलं की जवळपास सगळे भागाकार वाचतात.

समजा, विषम मूळ संख्या प हिला निःशेष भागते. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १. २ चे घात १ वर पहिल्यांदा येतात ते ६४ व्या घाताला, आणि ही फेरी प−१ मध्ये पूर्ण बसावीच लागते. म्हणून प = ६४क + १. अशा प साठी २ हा स्वतःच कुठल्यातरी संख्येच्या वर्गाची बाकी असतो; त्या संख्येची फेरी दुप्पट, म्हणून प = १२८क + १.

आता यादी बघा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ ने बाकी २ उरते. ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. अशा, म्हणजे २^(२^न) + १ या साच्याच्या, सगळ्या संख्या मूळच असतात असं फ्रेंच गणिती फर्माला १६४० मध्ये वाटलं होतं. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये हाच ६४१ दाखवला.

बरेच जण इथेच थांबतात. ६७,००,४१७ मूळ आहे हे कुणी दाखवायचं? त्याचे अवयवही १२८क + १ याच साच्याचे, आणि वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. उमेदवार पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. संपलं.

संगणकावर ही संख्या दोनदा फसवते. ३२ बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवली तर उरतो नुसता १. ६४ बिटांत ती मावते, पण मोठ्या घातांची बाकी काढायला बाक्यांचे वर्ग करताना सगळ्यात मोठ्या बाकीचा, २^३२ चा, वर्ग बरोबर २^६४ येतो आणि चलात शून्य दिसतं. त्यामुळे गुणाकार १२८ बिटांत करा. दुसरी फसगत फर्माच्या कसोटीत (संख्या मूळ असेल तर तिने न भागल्या जाणाऱ्या आधाराच्या संख्या−१ व्या घाताला बाकी १ यायलाच हवी): आधार २ घेतला तर ही संख्या बिनदिक्कत पास होते, कारण संख्या−१ म्हणजे २^३२, आणि त्यात ६४ ची फेरी आपसूक बसते. आधार ३ घ्या. १ ऐवजी बाकी ३०२,९०,२६,१६० येते आणि सोंग उघडं पडतं.

मला यातला सगळ्यात देखणा भाग वर्गांचा वाटतो. ६५,५३६² + १² तर दिसतंच, पण ६२,२६४² + २०,४४९² ही सुद्धा हीच संख्या. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन तऱ्हांनी मांडता येत नाही, त्यामुळे ती संयुक्त आहे हे इथेच ठरतं. शिवाय अवयवही हाती लागतो. सम संख्यांची वजाबाकी ३,२७२, विषम संख्यांची २०,४४८, मसावि ८. बेरजा १,२७,८०० आणि २०,४५०, मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१.